पूर्ण मिळाले

३ मार्च

चिरंजीव टिल्लू,

आशीर्वाद नेहमीएवढेच. पलटणीचा मोठा साहेब होणार म्हणून वाढवून मिळतील अशी आशा ठेवू नकोस.

बातमी कळली. सहाशे माणसं तुझ्या शब्दावर उठणार, बसणार, चालणार. घरात तुझ्या शब्दावर कधी मांजर उठलं नाही, म्हणून जरा हसू आलं. खोटं कशाला बोलू, हसून झाल्यावर जिन्यात बसून थोडी रडलेही. तुझे आईबाप गेले तेव्हा तू माझ्या कमरेएवढा होतास, आणि पुढे बरेच दिवस तेवढाच राहिलास. टिल्लू हे नाव मी उगाच ठेवलं नाही.

अक्षर वेगळं दिसेल. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचे डोळे गेले. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी माझी पत्रं लिहिली आणि दरवेळी माझी भाषा सुधारून माझी मजा घालवली. आता खालच्या खोलीतली शिंपीण लिहिते. येऊन दीड महिना झाला. मी बोलते तसंच्या तसं लिहिते, मध्ये नाक खुपसत नाही. नवरा जहाजावर असतो म्हणते. बाई गुणी आहे, पण हसत नाही. माझे ठेवणीतले विनोद तिच्यावर वाया गेले. (हेही लिही गं. लिहिलंस?)

समारंभाचं सगळं कळव. चार्ज देणं-घेणं काय असतं ते मात्र मला शिकवू नकोस. इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं मी रोज सकाळी चार्ज घेतला आणि संध्याकाळी दिला. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले. देणारी मोजून सांगायची, घेणारी मोजून बघायची आणि मग म्हणायची, ‘पूर्ण मिळाले.’ हे दोन शब्द एकदा तोंडातून गेले की कमी असलेली चादर आपली. तुमच्याकडे बँड वाजतो, आमच्याकडे बादल्या वाजायच्या, एवढाच फरक.

फोन करू नकोस. फोनवर मला फक्त माझाच आवाज ऐकू येतो, आणि तो मला पाठ आहे.

तुझी आजी
(तीन टिंबं आणि खाली आडवी रेघ ही त्यांची खूण. स्वतः काढली आहे.)

साहेब, इथून पुढचं आजींनी सांगितलेलं नाही. माझे पती जहाजावर नाहीत. ते तुमच्याच पलटणीत आहेत, सगळ्यांत उंच. तुम्ही सगळे त्यांना शिडी म्हणता. नोव्हेंबरपासून त्यांचं पत्र नाही. डिसेंबरात छापील कागद आला की ते पळून गेले. पोलीस दोनदा येऊन माझी खोली उलथीपालथी करून गेले, तेव्हा घरमालकाने जागा सोडायला लावली. ही खोली मी मुद्दाम घेतली. आजी इथे राहतात हे ह्यांच्याच पत्रात होतं. आजींनी एकदा सगळ्यांना रुमाल पाठवले होते, प्रत्येकावर वेगळी खूण टाचून. ह्यांच्या रुमालावर शिडी होती. ते जिवंत आहेत का, एवढंच कळवा. तुमची पत्रं मीच वाचून दाखवते. वेगळ्या कागदावर लिहिलंत तर आजींना कळणार नाही.


१४ मार्च

प्रिय आजी,

नमस्कार. आशीर्वाद मोजून दिलेस, तेवढे पोचले.

समारंभ वीस एप्रिलला सकाळी नऊ वाजता, परेडच्या मैदानावर. पाहुण्यांना खुर्च्या, वर कापडी छत. पलटण रांगेत उभी राहते. पलटणीतला सगळ्यांत जुना हवालदार निशाण सध्याच्या मोठ्या साहेबांच्या हातात देतो, ते माझ्या हातात देतात आणि मी ते परत हवालदाराकडे सोपवतो. त्याआधी हजेरी होते. यादीवर किती, हजर किती, रजेवर किती, इस्पितळात किती हे हवालदार मोठ्याने सांगतो आणि शेवटी म्हणतो, ‘बेपत्ता कुणी नाही.’ त्यावर नव्या साहेबाने उत्तर द्यायचं असतं, ‘पूर्ण मिळाले.’ तुझेच दोन शब्द, आजी. वीस वर्षं नोकरी केली, पण हे तुझं पत्र येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

प्रकृती जप. मास्तरांना नमस्कार सांग.

तुझा,
टिल्लू

(वेगळा कागद)

बाई, कागदपत्रांप्रमाणे आपले पती धरणावरच्या सरावाच्या दिवशी पहाटे छावणीतून निघून गेले. त्यापुढची माहिती माझ्याकडे नाही. अशी माणसं कधी कधी वर्षभराने परत येतात. आपण धीर धरावा. आजीचं वय पाहता तिला यातलं काही कळू देऊ नये, ही विनंती.


२२ मार्च

चिरंजीव टिल्लू,

पाकिटातून दोन कागद निघाले, वाचून दाखवला एक. मी अडाणी आहे, आंधळी नाही. आंधळे मास्तर आहेत, ते वरच्या मजल्यावर. विचारलं तर शिंपीण म्हणते, दुसरा कोरा होता. कोऱ्या कागदाच्या चार घड्या घालून कुणी तो मशीनच्या खणात ठेवत नाही.

तेव्हा मला सगळं समजलं आहे. चाळिशी ओलांडलीस तरी लग्न केलं नाहीस, त्याबद्दल मी बोलायचं कधीच सोडून दिलं. पण दुसऱ्याची बायको, तीही जिला तू पाहिलेलं नाहीस? अरे, जहाजं परत येतात. तो एके दिवशी दारात उभा राहील आणि तू सहाशे माणसांचा साहेब असून माझ्या पलंगाखाली लपशील. (हिने लेखणी खाली ठेवली. उचल. तुझ्याबद्दलच आहे, खोटं असेल तर हस की.)

हसली नाही.

बरं, ते राहू दे. वीस तारखेला मी येणार. पायांचा भरवसा नाही, म्हणून हिला सोबत आणणार आहे. दोन खुर्च्या धर. सावलीतल्या. पहिल्या रांगेत नकोत, तिथे बसलं की जांभई देता येत नाही.

तुझी आजी
(खूण)

साहेब, आजींचा गैरसमज मी तसाच ठेवला आहे. हसताहेत तोवर हसू देत. तुमचा कागद मी पुष्कळदा वाचला. पलटणीतून ह्यांची पेटी परत आली, त्यात घरचे कपडे होते, चष्मा होता आणि साधे तपकिरी बूट होते. पळून जाणारा माणूस पलटणीचे जड बूट घालून, चष्मा मागे ठेवून पळतो का? सरावाच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी मला लिहिलं होतं, ‘मी उंच म्हणून पाण्यात मलाच पुढे घालणार आहेत.’ त्यांना पोहता येत नव्हतं. त्या दिवशी पाण्यात काय झालं?


२ एप्रिल

प्रिय आजी,

समारंभाला येऊ नकोस. पूर्ण दिवसाचा प्रवास आहे आणि मैदानावर ऊन फार असतं. मी नंतर रजा काढून येईन. तुझ्या डोक्यात आहे तसं काही नाही, एवढंच सांगतो. कामाची गर्दी असल्याने थोडक्यात लिहिलं.

टिल्लू

(वेगळा कागद)

बाई, यापुढे आपण मला काही लिहू नये. पाच महिने पूर्ण झाले की पळालेल्याचं नाव यादीतून उतरतं, ते अठरा एप्रिलला उतरेल. त्यानंतर प्रकरण बंद होईल. आपल्या खोलीवर पोलीस पुन्हा येणार नाहीत, एवढं मी बघेन. पेटीतल्या बुटांवरून काही सिद्ध होत नाही.


९ एप्रिल

टिल्लू,

आज थट्टा नाही.

तुझं चार ओळींचं पत्र हिने मला वाचून दाखवलं. दुसरा कागद मनात वाचला आणि मशीनवर जाऊन बसली. कापड घातलं आणि पाय मारत राहिली. बऱ्याच वेळाने मी जवळ जाऊन पाहिलं तर मशीनला दोरा नव्हता. कापडावर नुसती भोकं पडत होती. मी म्हटलं, आण तो कागद. तिने आणला. मागचाही आणला. शिवाय एक छापील कागद आणला आणि सगळे माझ्यासमोर ठेवले. 

मला वाचता येत नाही. पण एकतीस वर्षं कपड्याच्या कोपऱ्यावरची खूण बघून मी सांगत आले, हे कुठल्या वॉर्डाचं, हे कुठल्या डॉक्टरचं, आणि ही खूण कुणाच्या हातची. खूण काढणारा हात लपत नाही. त्या छापील कागदाखाली हाताने लिहिलेली एक ओळ आहे. त्यातल्या अक्षरांची शेपटी खाली ओढून उगाच परत वर वळवली आहे. पाटीवर लिहायला लागलास तेव्हापासून तू तशी वळवतोस. त्यावरून तुला शाळेतल्या मास्तरांचा मार बसायचा. तुझी पत्रं मी वाचू शकत नाही, म्हणून नुसती बघत बसते. ती शेपटी माझ्याइतकी कुणी पाहिलेली नाही. त्या ओळीत ती तीनदा आहे.

मी हिला म्हटलं, ओळ वाच. तिने वाचली, ‘सरावाच्या दिवशी पहाटे छावणीतून पळून गेला.’ कोण, असं विचारलं तर तिने रुमाल काढला.

ती शिडी मीच टाचली होती. तू लिहिलं होतंस, आजी, आमच्यात एक इतका उंच आहे की दिवा बदलायला स्टूल लागत नाही. रुमाल टाचताना मला हसू आलं होतं.

हे पत्र तीच लिहिते आहे. तिचा हात थांबत नाही. थांबते आहे ती मी.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. एका सकाळी चार्ज घेताना एक चादर कमी भरली. ती कुठे गेली ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. एका बाईचं प्रेत तिच्यात गुंडाळून दिलं होतं. पण तसं लिहायचं म्हणजे चार सह्या, सतरा प्रश्न. चोरी लिहिली की एका ओळीत मोजणी जुळते. देणारीने वॉर्डबॉयचं नाव सांगितलं. मी म्हटलं, ‘पूर्ण मिळाले.’ त्याची नोकरी गेली. मनाशी म्हटलं होतं, महिनाभर जाऊ दे, मग खरं काय ते सांगू. तेवीस वर्षं झाली. तो अजून त्याच रस्त्याने जातो आणि मी अजून पलीकडच्या बाजूने चालते.

पाण्यात काय झालं ते लिही. कागद वेगळा नको.

आजी
(खूण)


१५ एप्रिल

आजी, आणि बाई,

या वेळी वेगळा कागद नाही. वाचणाऱ्या बाईंनी सगळं मोठ्याने वाचावं.

अठरा नोव्हेंबरला धरणाखाली नदी पार करण्याचा सराव होता. आदल्या दिवशी वरून पाणी सोडलं होतं. मी मोठ्या साहेबांना म्हटलं, दोन दिवस थांबू. ते म्हणाले, वरचे अधिकारी आजच बघायला आलेत, थांबता येणार नाही. दोर पलीकडे नेऊन बांधायला एक माणूस आधी पाठवायचा होता. उंच हवा म्हणून मी शिडीला निवडलं. तो म्हणाला, ‘साहेब, मला पोहता येत नाही.’ मी म्हटलं, ‘पोहायचंय कुठे, तुला तर चालायचंय.’ सगळे हसले. तोही हसला.

दोर कमरेला बांधायचा असतो. त्याने तो मनगटाला गुंडाळला होता. मी ते पाहिलं आणि बोललो नाही, कारण काठावर अधिकारी घड्याळ बघत होते. मधल्या खडकापर्यंत पाणी त्याच्या छातीला लागत होतं. खडकाच्या पुढे तो एकदम दिसेनासा झाला. आम्ही दोर ओढला तर तो हलका आला.

चार दिवस शोधलं. तो मिळाला नाही. पाचव्या दिवशी मोठे साहेब म्हणाले, ‘प्रेत नाही म्हणजे मृत्यू नाही. मृत्यू लिहिलास तर माझी बढती जाईल आणि तुला मिळणारी पलटण जाईल. तो पहाटेच पळाला होता असं लिही.’ मी लिहिलं. आजी, अक्षर माझंच आहे.

आता माझं ऐका. वीस तारखेला पलटण माझ्या ताब्यात येईल. मग कपाटं माझी, कागद माझे. सहा महिन्यांत मी हे प्रकरण उघडतो. आज बोललो तर मला इथून हलवतील आणि माझ्या जागी येणारा सगळं गाडून टाकेल. मला एवढा वेळ द्या. समारंभाला येऊ नका.

बाई, तुमच्याकडे काय मागावं ते मला सुचत नाही.

टिल्लू


२३ एप्रिल

बाळा,

तुझं पत्र हिने सगळं वाचलं. ‘तोही हसला’ इथे एकदा थांबली. उठून पाणी प्यायली, मग तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि पुढे गेली. संपल्यावर म्हणाली, ‘म्हणजे अठरा तारीख.’ पाच महिने तिला तारीखही कुणी सांगितली नव्हती.

आम्ही आलो होतो. तू बघितलंस.

तू पुढून पाहिलंस, आम्ही मागून पाहिलं, म्हणून सांगते. मैदान चांगलं झाडलं होतं. पोरांच्या इस्त्र्या कडक होत्या, कॉलर मात्र नीट धुतलेल्या नव्हत्या. सवय जात नाही. तू बाकीच्यांपेक्षा उंच दिसत होतास. मी हिला म्हटलं, टाचेखाली काहीतरी घातलंय मेल्याने. ती पहिल्यांदाच किंचित हसली. तेव्हा हजेरी सुरू झाली नव्हती.

हवालदाराने आकडे सांगितले. यादीवर सहाशे अकरा. अठरा तारखेपर्यंत सहाशे बारा होते, हे त्या मैदानात किती जणांना ठाऊक असेल? सहाशे अकरा जणांना तरी असेल. कुणाची मान हलली नाही. मग तो म्हणाला, ‘बेपत्ता कुणी नाही.’

हिच्या मांडीवर पिशवी होती. तिने तिच्यातून ते तपकिरी बूट काढले आणि मांडीवर ठेवले. पॉलिश केलेले. रडली नाही, ओरडली नाही, नुसती धरून बसली. तुझी नजर खुर्च्यांवरून फिरत तिथे आली आणि थांबली. तू तिला कधी पाहिलेलं नव्हतंस, पण ओळखलंस. बँडवाल्याने कर्णा तोंडाला लावला आणि परत खाली घेतला, एवढा वेळ तू गप्प होतास. मला वाटलं, आता म्हणेल. शाळेत कविता म्हणताना अडलास की मी मागच्या बाकावरून ओठ हलवायची, तशी हलवत होते. एक कमी. एक कमी. दोनच शब्द, बाळा.

मग तू म्हणालास, ‘पूर्ण मिळाले.’ आवाज खणखणीत लागला. मला बहिरीला, मागच्या रांगेत, स्पष्ट ऐकू आला.

नंतर सरबत वाटत होते तेव्हा तुझे मोठे साहेब माझ्याजवळ आले. म्हणाले, ‘आजी, ऊर भरून आला असेल.’ मी म्हटलं, ‘तुमची कमी असलेली चादर त्याने घेतली, हलकं तुम्हाला वाटत असेल.’ त्यांना वाटलं, म्हातारीला भ्रम झालाय. त्यांनी मला सरबताचा दुसरा पेला दिला. तू लांब उभा होतास. माझ्याकडे आला नाहीस, ते बरंच केलंस.

तू सहा महिने मागतोस. मी महिनाच मागितला होता.

तुझं पंधरा तारखेचं पत्र माझं आहे. मला लिहिलंस, म्हणजे माझं. काल मी ते हिला दिलं. ती उद्या सकाळच्या गाडीने राजधानीला जाते आहे, तुमच्यावरच्या कचेरीत नाही, कोर्टात. अक्षर जुळवून बघायला लागेल म्हणून तुझी बाकीची पत्रंही दिली. ट्रंकेत होती तेवढी सगळी, इतक्या वर्षांची. हे तुला मिळेल तोवर ती तिथे पोचलेली असेल. तेव्हा तू तिला अडवायचा विचार करू नकोस, आणि माझ्यावर रागावायचा विचार निवांत कर, वेळ मिळेल.

तुला काय होईल ते मला कळतं. नोकरी जाईल, खोलीला कुलूप लागेल, त्यात तू असशील. हे मी केलं असं लोकांना सांग. खोटं नाही.

एक पत्र मात्र मी ठेवून घेतलं. तू दहा वर्षांचा होतास, वसतिगृहातून पाठवलेलं. त्यात एकच ओळ आहे, मास्तरांनी वाचून दाखवलेली मला पाठ आहे. ‘आजी, मला न्यायला ये.’ त्या वेळी मी आले नाही. वाटलं, रडून रडून घट्ट होईल. तू घट्ट झालास. या वेळी येईन. न्यायला नाही येता येणार, पण भेटायला येईन. तुला जिथे ठेवतील तिथे, भेटीच्या प्रत्येक वाराला, पाय ओढत. तू नाही म्हणालास तरी. दारावरच्या शिपायाला आधीच सांगून ठेव, म्हातारीला ऐकू येत नाही, नाही म्हटलेलं तर मुळीच नाही.

तुझी आजी
(खूण)

साहेब, आजींनी सांगितलेलं इथे संपलं. आज खुणेची रेघ वाकडी आली, त्यांनी ती पुन्हा काढू दिली नाही.

पत्रं त्यांनी मला नुसती हातात दिली नाहीत. पलंगावर चादर अंथरली, एकेक पत्र ठेवत मोजलं आणि म्हणाल्या, ‘बावीस. आता तू मोज. मोजून झालं की काय म्हणायचं ते तुला ठाऊक आहे.’ मी मोजली. एकवीस होती. दहा वर्षांच्या मुलाचं पत्र त्यांच्या मुठीत होतं आणि मूठ पदराखाली होती. मला ते दिसत होतं, मला ते नकोही होतं.

मी म्हटलं, ‘एक कमी.’

 त्या मूठ न उघडता म्हणाल्या, ‘बरोबर. असंच म्हणायचं असतं. आता तसंच लिही.’